लाल खणातली पुरचुंडी

शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटर मी सांभाळते. दर शनिवारी शाळा सुटायच्या आत सगळ्या फायलींचा बॅकअप घ्यायचा, एक प्रत कपाटात आणि दुसरी मुख्याध्यापकांच्या घरी, हा नियम मीच घातलेला. कुणी टाळाटाळ केली की त्याची अशी हजेरी घ्यायचे, की बिचारा पुढचे चार शनिवार माझ्याआधी हजर. एकाच जागी ठेवलेली फाईल म्हणजे नसलेली फाईल, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकवलंय की शिपाईसुद्धा माझी नक्कल करतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते अडाणी बाईच्या हातून झालं असं कुणी समजू नये. ते माझ्या हातून झालं.

माझे यजमान पॉवरलूमवर जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग जुळवून देणारा मिस्त्री. आमच्या बुऱ्हाणपुरात अर्ध्या गल्ल्यांमधून मागांचा खडखडाट दिवसभर चालू असतो. त्या खडखडाटावर मात करत उभा जन्म बोलल्यामुळे यांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. घरात मीठ मागितलं तरी शेजारीण डबा घेऊन येईल असा आवाज. पाळी संपवून आले की गल्लीच्या तोंडापासूनच ओरडायचे, "माय, दार उघड!" सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्या ओरडण्याबरोबर त्या उठायला लागत आणि हे उंबऱ्याशी पोचेपर्यंत कडी काढलेली असे. मला त्या ओरडण्याचा मनस्वी राग यायचा. चारचौघांत लाज वाटायची. शंभरदा सांगितलं असेल, अहो, हळू.

यांचा आवाज बसला तेव्हा सगळ्यांनी विड्यांवर ढकललं, हळद-दूध झालं, काढे झाले. मग इंदूरच्या डॉक्टरांनी गळ्यात दुर्बीण घालून पाहिलं आणि बाहेर येऊन मला सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही. ऑपरेशनला पंधरा दिवस होते. डॉक्टर म्हणाले, तेवढ्यात यांचा आवाज भरपूर रेकॉर्ड करून ठेवा, हल्ली त्याचा उपयोग होतो. मुलगी लग्न होऊन नाशिकला आहे, तिने शोधाशोध केली. एक सॉफ्टवेअर होतं. माणसाची दोन-तीनशे वाक्यं त्याला दिली की नंतर आपण टाईप करायचं आणि ते त्या माणसाच्या आवाजात बोलणार.

मला तर यांची पाटीवर लिहिलेली दोन अक्षरं पुरली असती. इतक्या वर्षांत यांना काय म्हणायचंय ते मला तोंड उघडायच्या आत कळतं. प्रश्न सासूबाईंचा होता. त्यांना वाचता येत नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यातलं जेमतेम. हातवारे केले तर त्यांना पाखरू उडाल्यासारखं दिसतं. कान मात्र शाबूत. म्हणजे आपल्या आईशी बोलायला यांच्यापाशी एक आवाजच होता. तो गेल्यावर एकाच घरात राहून मायलेकांचं बोलणं कायमचं बंद होणार होतं.

पहिला प्रयत्न मी मोबाईलवर केला. मोबाईल तोंडापुढे धरला तर हे बुजले, आणि शेजारच्या मागांचा खडखडाटच जास्त येत होता. म्हणून ते सोडलं. मग माईक आणला, घरच्या जुन्या कॉम्प्युटरला लावला आणि दुपारची वेळ धरली. शेजारचे माग जेवणासाठी तासभर बंद होतात, तेवढ्यात रेकॉर्डिंग. हॉस्पिटलमधल्या बाईंनी वाक्यांचा कागद दिला होता. आज हवा छान आहे. मला बागेत फिरायला आवडते. यांनी तिसऱ्या वाक्यालाच कागद बाजूला टाकला.

"हे कोन बोलते? म्या कधी म्हटलं, मले बागेत फिराले आवडते म्हनून?"

खरंच होतं. मग रोज रात्री स्वयंपाक करता करता यांची वाक्यं आठवून मी वहीत उतरवायची आणि दुपारी यांनी ती बोलायची. चहा आहे का गरम पाणी. माझा पाना कोणी हलवला. ये व माय, जेवाले बस. औषध घेतलं का. भाव काय केळीचा आज. कुठल्या कुठल्या शिव्यासुद्धा घेतल्या, कारण त्यांच्याशिवाय यांचा आवाज ओळखू आला नसता. शेवटच्या शेवटच्या दिवसांत घसा इतका फाटलेला होता की एक वाक्य चारदा घ्यावं लागे. मधूनच पाणी प्यायचे, मान हलवायचे आणि पुन्हा माईकपाशी सरकायचे. इतकं मन लावून यांनी कुठलं काम केलेलं मी पाहिलं नव्हतं, मागाचंही नाही. इंदूरला निघायच्या आदल्या दुपारी सगळ्यात शेवटी "माय, दार उघड" घेतलं. ते एकदाच घेतलं. आतल्या खोलीत सासूबाई झोपल्या होत्या, त्या उठून दाराकडे निघाल्या.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक राहिलं, त्यावर जाळीचा रुमाल आला. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्रही दिलं होतं. त्याचा घूंघूं आवाज ऐकून सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. यांनी ते डब्यात घालून माळ्यावर टाकलं आणि पाटीवर लिहून त्याचा फोटो मला मुलीला पाठवायला लावला: "ते सॉफ्टवेअर कधी?"

सॉफ्टवेअर आमच्या कॉम्प्युटरवर चढेना. सिंधीपुऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, शाळेचंही काम तेच करतात. भला माणूस, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. त्यांनी पाहून सांगितलं, "भाभी, सिस्टम पुराना है. नवीन विंडोज टाकावी लागेल, पूरा फॉरमॅट मारून. तुमी बॅकअप घेऊन ठेवा, दो जगह." नवरात्र चालू होतं. मीच म्हटलं, दसऱ्याला या. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, त्या दिवशी यांनी बोलायला लागावं. माझ्या मनाने हे घेतलं आणि मग कुणाचं ऐकायला मी तयार नव्हते.

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजतात. यांचे पाने, कात्री, मागाचा धोटा, विळी, असं सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायची आणि दसऱ्याचा नैवेद्य होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. नवमीला सकाळी मी बॅकअप घेतला. सगळी वाक्यं एका पेनड्राइव्हवर उतरवली, दोन-चार लावून पाहिली, नीट वाजली. दुसरी प्रत घ्यायला दुसरा पेनड्राइव्ह शाळेत होता आणि शाळेला सुट्टी होती. मुलीला पाठवायचं तर आमचं इंटरनेट दोन दिवस रडत होतं. म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मी, मी असं म्हटलं.

आणि पाटापाशी बसल्यावर वाटलं, यंदा यांचं हत्यार पाने नाहीत, हेच आहे. पेनड्राइव्ह पूजेत ठेवावा. पण कुंकू, अक्षता, पाणी आत गेलं तर? घटापाशी दरवर्षी सुपारी आणि नाणं लाल खणात बांधून ठेवतो. त्या खणाचा उरलेला तुकडा हाताशी होता. त्यात पेनड्राइव्ह घट्ट गुंडाळला, वर गाठ मारली आणि पुरचुंडी पान्यांच्या शेजारी ठेवून फुलं वाहिली. हात जोडले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. आपण फार शहाणपणाने वागलो असं वाटत होतं.

दसऱ्याला मी पहाटेपासून स्वयंपाकघरात होते. घट उठवून नदीत सोडायचं काम सासूबाईंचं. गुडघे कितीही दुखोत, ते त्या कुणाला देत नाहीत. शेजारणीबरोबर रिक्षाने तापीवर जाऊन त्या आठच्या आत परत आल्या. त्या आल्या तेव्हा मला आतून पाट दिसत होता. पाने जागेवर, धोटा जागेवर, वर ताजी फुलं. मी पुऱ्या लाटत राहिले.

दहाला सिंधीपुऱ्याचे गृहस्थ आले. यांनी नवा शर्ट घातला होता, गळ्यावर धुतलेला रुमाल.

"भाभी, बॅकअप लिया ना पूरा?"

"लिया."

"एक बार लगाके देख लेते."

"तो पूजेत आहे. नैवेद्य झाल्याशिवाय आम्ही हलवत नाही. तुम्ही करा सुरू."

त्यांनी पुन्हा विचारलं, "पक्का?"

"अहो, माझं रोजचं काम आहे हे," मी म्हटलं. आणि वर म्हटलं, "सगळं कोरं करा, जुनं काही राहू देऊ नका. दसरा आहे."

त्यांनी सगळं कोरं केलं. त्यांच्या कामात खोट नव्हती. बारा वाजेपर्यंत नवीन विंडोज, नवीन सॉफ्टवेअर, सगळं तयार. मी नैवेद्य दाखवला, हळद लागलेले हात पुसले आणि पाटावरची फुलं बाजूला केली. पाने होते. कात्री होती. पाट उचलला, झटकला, देवघर पालथं घातलं. मग सासूबाईंना विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"आई, इथे लाल खणाची पुरचुंडी होती."

"हो व. दोन होत्या ना यंदा. एक घटापाशी, एक इथं. मले वाटलं, तू पोराच्या नावानं एक जास्तीची बांधली. दोन्ही सोडल्या तापीमायले. हात जोडून सांगतलं, माह्या पोराचं बोलनं वापस दे म्हनून."

मी तशीच चप्पल घालून निघाले. रिक्षा घाटावर पोचली तेव्हा दुपारचं ऊन माथ्यावर होतं. पायऱ्यांवर नऊ दिवसांचं निर्माल्य कुजत पडलेलं, पाण्यात घटांचे पिवळे अंकुर, हार, नारळाच्या शेंड्या, आणि लाल कापडाच्या पुरचुंड्या. किती पुरचुंड्या! साऱ्या गावाने त्याच दुकानातून खण घेतला होता की काय कोण जाणे. मी साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरले आणि एकेक सोडून पाहू लागले. सुपारी. नाणं. सुपारी, हळकुंड. कुणाचा तरी नवस, कुणाचं तरी मूल, कुणाचं तरी दुखणं मी फाडून पाहत होते. तिथे एक माणूस दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढत होता. त्याने विचारलं, "क्या गिरा, बाई? सोना?" मी म्हटलं, पेनड्राइव्ह. त्याला कळेना. बोटाएवढा असतो, त्यात आवाज आहे, असं काहीतरी मी सांगितलं. बिचाऱ्याने दहा-बारा वेळा दोरी टाकली. चार नाणी निघाली, एक खिळा निघाला. "पानी आगे ले गया," तो म्हणाला आणि खालच्या अंगाला निघून गेला.

घरी आले तेव्हा सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. माझी ओली साडी त्यांना दिसली नसेल, पण वास आला असेल. "काय झालं व?" एवढंच त्यांनी विचारलं. आणि मी, बावीस वर्षं या घरात नांदलेली सून, कधी उलट न बोललेली, दारात उभी राहून ओरडले, "तुम्ही तुमच्या लेकाचा आवाज नदीत बुडवून आलात! आता तो तुमच्याशी मरेपर्यंत बोलणार नाही!"

गल्लीतले माग सणामुळे बंद होते. माझं प्रत्येक अक्षर ऐकू गेलं असणार. सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं. त्यांच्या मागे हे येऊन उभे होते. यांनीही ओरडायला तोंड उघडलं. छाती फुगली, गळ्याच्या शिरा तट्ट झाल्या, आणि रुमाल हलला. जाळीतून नुसता वारा आला. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती.

मग हे आत गेले, पाटी आणली, लिहिलं आणि माझ्यापुढे धरली. "तिला बोलू नको. गाठ तू मारली."

खोटं काय होतं त्यात?

सिंधीपुऱ्याच्या गृहस्थांनी दसऱ्याचं जेवण सोडून संध्याकाळपर्यंत प्रयत्न केले. नंतर कॉम्प्युटर आठ दिवस दुकानात ठेवला, इंदूरलाही पाठवून पाहिला. फायलींची नावं तेवढी परत आली. चहा, पाना, औषध, दार. उघडल्या तर खरखर. त्यांनी माझ्याकडून काही घेतलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. मुलगी फोनवर रडली, मग म्हणाली, माझ्या लग्नाची सीडी बघ ना. बघितली. मांडवात हे कुणाला तरी हाका मारताहेत, तोंड हलतंय, आणि वर गाणं वाजतंय. साडेतीन तासांच्या शूटिंगमध्ये कुणाच्याच तोंडचा एक शब्द नाही.

सॉफ्टवेअरमध्ये तयार आवाजही असतात. निदान शब्द तरी पोचतील म्हणून मी एक पुरुषाचा आवाज निवडला. यांनी दोन बोटांनी टाईप केलं, मी बटण दाबलं. "माय, दार उघड." स्वच्छ, गोड, स्टेशनवर गाडीची वेळ सांगणाऱ्यासारखं. सासूबाईंनी चटकन पदर डोक्यावर ओढला, अंग चोरून बसल्या आणि मला विचारलं, "कोन आलं व? बैठकीत बसव त्याईले." यांनी हात लांब करून कॉम्प्युटर बंद केला. त्यानंतर तो कुणी लावलेला नाही. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसते.

सासूबाई त्या दिवसापासून नदीवर गेल्या नाहीत. निर्माल्य परसात साठतं, मी झाडांच्या बुंध्यात टाकते. मी त्यांच्या पाया पडले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू खरं तेच बोलली." माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दुपारी हे त्यांच्याशेजारी जाऊन बसतात, त्यांचा हात हातात घेतात. त्या हात चाचपतात, बोटांवरचे जुने घट्टे मोजल्यासारखे करतात आणि थोड्या वेळाने म्हणतात, "आता जा, आराम कर." हे हात सोडतात, पण उठत नाहीत. सासूबाईंना वाटतं, हे गेले.

दिवाळीनंतर मुलगी आली होती. माझ्या मोबाईलमधली जागा संपली म्हणून जुनं काढत बसली आणि एकदम ओरडली. त्या पहिल्या दिवशीचं, मोबाईलवरचं, मी सोडून दिलेलं रेकॉर्डिंग तिथेच पडलं होतं. मागांचा खडखडाट, मग माझा आवाज, "हं, बोला आता." मग यांचं खाकरणं. आणि मग, बुजलेला, मोठा, फाटका, यांचाच: "काय बोलू?"

एवढंच. सॉफ्टवेअरला दोन-तीनशे वाक्यं लागतात. मुलीने तरीही खटपट केली, मग सोडलं. ते रेकॉर्डिंग आता शाळेच्या कॉम्प्युटरवर आहे, मुलीकडे आहे, सिंधीपुऱ्यात आहे, दोन पेनड्राइव्हवर आहे, एक शाळेच्या कपाटात आणि एक माझ्या पर्समध्ये. शनिवारी इतर फायलींबरोबर मी ते उघडून पाहते.

संध्याकाळी दिवा लावला की सासूबाई हात पुढे करतात. मी मोबाईल त्यांच्या कानाला लावते. त्या खडखडाट ऐकतात, माझं बोलणं ऐकतात, आणि यांचा आवाज आला की दोन्ही हातांनी मोबाईल धरून म्हणतात, "बोल रे बाप्पा. काहीबी बोल." मग गप्प बसून वाट पाहतात. हे समोरच बसलेले असतात.